डोईवर तांदूळ

तिउर्मा सिहोंबिंग.
नाव नीट उच्चारायलाच
शरणपूर ते पेठ एवढा रस्ता गेला.
सावळघाटात तिने जीप थांबवली,
कापून झालेल्या खाचरातले बुडखे मोजले, म्हणाली,
आमच्याकडे डोंगर तळ्यात उतरतो,
तुमचा नुसताच उतरतो.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, दुभाषा म्हणून नेलेला.
ती मनात बाताक बोलणार, तोंडाने मोडकं इंग्रजी,
मी त्याचं मराठी करणार,
योहान गावित त्याचं कोकणा बोलीत.
चार ओंजळींतून जाणारं पाणी;
शेवटच्या ओंजळीत किती उरेल ते प्रभू जाणे.

करंजपाड्यावर उपकारस्तुतीचा रविवार.
पत्र्याच्या मंदिरात वेदीखाली
नागलीची कणसं, वरई, खुरासणी,
आणि लिलावात दरसाल सर्वात महाग जाणारा,
कुणीच न खाणारा भोपळा.
तिने आधी बी पाहायला मागितलं.

मथूबाईने कणगीचं तोंड उघडलं.
राखेत घोळलेली गरवी नागली,
वर कडुनिंबाचा वाळला पाला.
"दुकानाचं बी एक सालाचं पाहुणं," ती म्हणाली,
"हे माझ्याबरोबर नांदायला आलं."
माझ्या इंग्रजीत त्याचं 'जुनं बियाणं' झालं.
इतकंच. लाज वाटली.

मग तिउर्माने विचारलं,
बाप्तिस्मा झाला तेव्हा
धान्याच्या देवीचं काय केलंत?
मी उगाच खोकलो. पाळक दारातच उभे होते.

मथूबाई कणगीशी बोलावं तशी बोलली:
"सासऱ्याने कणसरी नदीत सोडली.
मी नवी नवरी होते.
पण कणाला पाय नाही लागू दिला कधी.
तेवढं काही पाण्यात सोडता येत नाही.
देवाने दिलं म्हणायचं,
आणि पाय जपायचा."

पाळकांनी घड्याळ पाहिलं.

तिउर्मा म्हणाली, आमचे ढोल
आज्याच्या काळी मिशनने बंद केले होते,
आता वेदीजवळ वाजतात.
मधली वर्षं? मी माझ्याच मनाने विचारलं.
"म्हशींच्या गोठ्यात."
योहानने माळ्याकडे पाहिलं.
तिथे गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं.
पावरी असावी. मी विचारलं नाही,
तो बोलला नाही.

जेवायला चुलीजवळ बसलो.
नागलीची भाकर, उडदाचं भुजं.
तिने चुलीचे तीन दगड दाखवले:
आमचं सगळं नातं असं उभं असतं,
एक दगड मामाकडचा, एक भाऊबंदांचा,
एक लेकी-जावयांचा. एक काढला की हंडी कलंडते.
"ते तर आमचंही कलंडतं," मथूबाई म्हणाली,
"त्यात काय शिकवायचं?"
हे मी गाळलं. मग राहवेना, सांगितलं.
तिउर्मा इतकी हसली की तिला ठसका लागला.

निघताना तिने खिशातून पुरचुंडी काढली,
चिमूटभर तांदूळ मथूबाईच्या डोईवर ठेवले,
जीव घट्ट राहावा, असं काहीसं म्हणाली.
'जीव' की 'आत्मा'? शरणपूरला घरी
दोन शब्दकोश आहेत माझ्या, आणि तिथे मला एकही शब्द येईना.

तांदूळ पदरावरून घरंगळून शेणाच्या जमिनीवर पडले.
मथूबाई लगेच खाली बसली,
एकेक दाणा वेचू लागली.
तिउर्मा क्षणभर पाहत राहिली,
मग तीही बसली, चष्मा कपाळावर सरकवून.
पाळकही वाकले, कंबर धरून.
मी पाय कुठे ठेवू कळेना,
म्हणून चपला हातात घेऊन भिंतीशी उभा राहिलो.

जीप सुरू झाल्यावर योहान खिडकीशी आला.
"मास्तर, एक राहिलं.
त्यांच्याकडे रानडुकरं येतात का पिकात?"
येतात, म्हणाली.
"मग काय करतात?"
तिने उत्तर दिलं ते बाताकमध्येच,
हात हलवून, लांबलचक, रागाने,
आणि योहान मान हलवत ऐकत होता.