एक भोक कमी

वडगावात माग बिघडला तर आधी कानाला कळतं.
त्या दिवशी आवाज ठीक होता,
काठावरचं फूल तेवढं
दर वेळी एका पाकळीनं कमी निघत होतं.

ह्यांनी जेकार्डवरची पुठ्ठ्यांची माळ उतरवली,
एकेक पुठ्ठा खिडकीच्या उजेडाला धरला.
एकशे बाराव्यात एक भोक पाडायचंच राहिलेलं.
भोक नाही म्हणून सुई अडली,
सुई अडली म्हणून दोरा उचलला नाही.
सूत चांगलं, रंग पक्का, विणणाऱ्याची चूक नाही.
तोवर सहा साड्या झाल्या होत्या.

डॉक्टर मठदना मी हे सहज सांगितलं,
मल्लेशच्या सुजल्या गुडघ्यात सुई टोचलेली असताना,
बोलायला काहीतरी हवं म्हणून.
त्या म्हणाल्या, ह्याचंही तेच आहे अक्का,
रक्त गोठवणारा एक दोरा उचलत नाही.
आणि तो पुठ्ठा तुमच्याकडून आलाय.

माझ्याकडून.
माझा भाऊ भुजंग दाढ काढून घरी आला,
तिसऱ्या दिवशी उशी बदलायला कुणी उरलं नव्हतं
इतक्या उशा लागल्या.
तेव्हा आम्ही देवीचा कोप म्हणालो होतो.

पुठ्ठा बदलता येतो?
जुना काढत नाहीत, त्या म्हणाल्या,
जास्तीचा एक आत सोडतात, अचूक भोकांचा.
साधा एक विषाणू घ्यायचा,
त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकायचं,
रिकाम्या डब्यात आपला पुठ्ठा भरायचा
आणि शिरेतून एकदाच सलाइनसारखा द्यायचा.
डब्याला यकृताची वाट ठाऊक असते.
मग यकृतच ते औषध विणायला लागतं
जे आपण आज बर्फात घालून आणतो.
किती वर्षं?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
काही वर्षं. पुढचं अजून कुणालाच नीट माहीत नाही.
आणि ह्याला मुलगी झाली तर तिला जुनाच पुठ्ठा जाईल.

बाकावर खानापूरकडची एक पोर होती,
तिच्या रक्तातल्या गोळ्या विळ्यासारख्या वाकतात.
तिच्यासाठी वेगळंच, म्हणे:
हाडातल्या मूळपेशी बाहेर काढायच्या,
बाहेरच दुरुस्त करायच्या, परत घालायच्या.
तिची आई शेंगा सोलत ऐकत होती,
टरफलं पदरात.

आम्ही दक्षिणेतल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो.
अठरा वर्षं पूर्ण, फॉर्मवर मल्लेशची स्वतःची सही,
खाली माझी, मराठीत.
चौदा नळ्या रक्त.
चार दिवसांनी तिथला तरुण डॉक्टर म्हणाला,
ह्याच्या अंगात त्या विषाणूची ओळख आधीपासून आहे.
आत शिरायच्या आधीच डबा फोडतील.
ह्याला घेता येणार नाही.

"काय म्हणूलेत ते?" ह्यांनी विचारलं.
मल्लेशच बोलला.
"बाबा, कोगनोळी नाका.
भांडण पेटलं की पलीकडच्या नंबराची गाडी अडवतात न्हवं?
आत बाळंतीण हाय का दगड, कोण बघतंय.
तसं."
हे हसले. मग गाडीत रात्रभर
वरच्या बर्थवर त्यांची कूस बदलत राहिली.

दुसरा डबा शोधतायत, ऐकते.
ओळख नसलेला, दुसऱ्या नंबराचा.
बर्फाची पेटी धुऊन वाळत घातलीय.
एकशे बाराव्या पुठ्ठ्यात ह्यांनी भोक पाडलं,
फूल आता पुरं येतंय.
त्या सहांतल्या पाच खडेबाजारात कमी भावानं गेल्या,
सहावी मी नेसते.

काल मल्लेशनं विचारलं,
"मला ती सर्दी कधी झालती, आई?"

कुठली सांगू?
शाहपूरच्या बाजारात भिजला ती,
की शेजारच्या पोराचं उष्टं आईसकांडं खाल्लं ती,
की अडीच वर्षांचा असताना
छातीत घरघर, ओव्याची पुरचुंडी तव्यावर,
आणि मी भिंतीला टेकून बसलेली.
पहाटे कपाळ गार लागलं होतं.
सुटलो, असं मी मोठ्यानं म्हणाले होते.