खुणेचा आकडा

कपारीत लोखंडी आकडा ठेवला
की ती कपार त्याची.
आमच्या खोऱ्यात एवढाच कायदा,
ना कागद, ना साक्षीदार.

गिएरी कादुफनं आकड्यावर
आपली दोन अक्षरं ठोकली,
उरलेलं चीज फडक्यात बांधून तिथंच ठेवलं
आणि दोर आणायला खाली उतरला.
साल एकोणीसशे अकरा. सप्टेंबर.
दोर अजून त्याच्या घरी खुंटीवर आहे.

मग हिमनदी मागे सरत गेली,
दरबारातून निघावं तशी,
पाठ न दाखवता.

परवा मी तिथं पोचलो.
कोपरापर्यंत हात आत घातला:
गार चिखल, आणि चिखलात
धुरकट स्फटिक,
अंधारात कुणी बोटं पुढं करावीत तसे.
आकडा गंजून खडकाच्याच रंगाचा.
अक्षरं मात्र लागत होती.

मिलानचा व्यापारी फोनवर
वेगळाच आकडा सांगत होता.
म्हटलं, ऐकू येत नाही, वारा फार आहे.
वारा नव्हता.

गिएरीची नात मेंजिया, ऐंशीची,
दारात बटाटे सोलत होती.
तिच्यापुढं आकडा ठेवला.
तिनं तो एप्रनला पुसला,
दोराशेजारी टांगला,
पुन्हा सुरी उचलली
आणि विचारलं,
"फडकं होतं का रे तिथं?"