घरून काही आणायचं नाही

भंवरकुआच्या चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर मी रीजनिंग शिकवतो.
पत्र्याखाली साठ पोरं, चार पंखे,
त्यातला एक नुसता आवाजापुरता.

फळ्याच्या कोपऱ्यात नियम लिहिलाय,
कोणी पुसू नये म्हणून चौकट केलेली:
जे दिलंय तेवढंच खरं.
घरून काही आणायचं नाही.

सर्व टेबलं आंबे आहेत.
काही आंबे पोलीस आहेत.
तर काही टेबलं पोलीस आहेत का?
पहिल्या दिवशी पोरं हसतात.
दुसऱ्या दिवशी वर्तुळं काढतात.
महिन्याभरात कोणालाच हसू येत नाही,
याला आम्ही तयारी म्हणतो.

मग उतारे. दोन-दोन ओळींचे.
अमुक शहरात दवाखाने वाढले, मृत्यूही वाढले,
म्हणून दवाखान्यांमुळे माणसं मरतात.
सांगा, लेखकाने काय गृहीत धरलंय?
सनावदचा जितेश उठून म्हणतो,
सर, लेखकाच्या घरचं कोणीतरी नुकतंच गेलंय.
वर्ग गप्प. मी चौकटीवर खडू आपटतो.
चार पर्यायांत तो पर्याय नव्हता, एवढं खरं.

मंगळवारच्या टेस्टला मी दिलं होतं:
विधान एक, सर्व घरं नद्या आहेत.
विधान दोन, कोणतीही नदी रस्ता नाही.
निष्कर्ष एक, कोणतंही घर रस्ता नाही.
निष्कर्ष दोन, काही नद्या घरं आहेत.
दोन्ही निघतात. सोपं आहे,
पण वर्तुळं काढावी लागतात.

केसर वास्कलेने काढली नाहीत.
तिसरी रांग, भिंतीकडची; वर्षभरात तिचा आवाज
मी हजेरीपुरताच ऐकलेला.
उत्तर बरोबर, कच्च्या कामाची जागा कोरी.
मला वाटलं, शेजारचं बघितलं.
विचारलं तर म्हणाली, काढायची गरज नाही पडली, सर.
आमचं गाव तसंच आहे.
उन्हाळ्यात पाणी उतरलं
की हातपंपाचा दांडा तेवढा वर येतो.

घरून आणलंस, असं म्हणायला
मी तोंड उघडलं होतं.

मग तीच बोलली.
सर, "सर्व" लिहिता, ती मोजली कोणी?
आमच्याकडे सर्व्हेवाले आले तेव्हा
कागदावर घरं भरली एकशे बारा.
आम्ही एकशे एकोणतीस होतो.
सतरा घरं नदी झाली,
पण घरं नव्हती.
हे कसं काढायचं वर्तुळात?

मी म्हटलं, बस. पुढचा प्रश्न.
पुढचा प्रश्न घड्याळाच्या काट्यांचा होता.

रात्री रामबागेत, जेवणं उरकल्यावर,
पुढच्या बॅचसाठी पेपर दुरुस्त करायला बसलो.
"घरं" खोडून "कपाटं" केलं.
सर्व कपाटं नद्या आहेत.
मग कपाटात काय काय असेल ते सुचायला लागलं,
मार्कशीट, लग्नातला शालू, औषधाची अर्धी पट्टी.
परत "घरं" केलं.
मग "सर्व" खोडून "काही".

आता तपासून बघा.
काही घरं नद्या आहेत.
कोणतीही नदी रस्ता नाही.
पहिला निष्कर्ष पडतो:
उरलेल्या घरांबद्दल आपल्याला काही माहीत नाही.
दुसरा मात्र तसाच उभा.
एक घर जरी धरलं
तरी निघतोच.

साडेअकराला मोरीतून सुधाची हाक,
अहो उठा, नर्मदा आली!
आमच्या इंदुरात नळाला असंच म्हणतात,
त्यात कोणाला काही वाटत नाही.
एक दिवसाआड येते, पाऊण तास.
पिंप, घागर, दोन बादल्या, वरचं पातेलं.
मी पेनाला टोपण लावलं
आणि नळीचं तोंड धरून उभा राहिलो,
घरात.

उत्तर: ब.
फक्त दुसरा निघतो.