एकोणचाळीस फूट

राजारामपुरीत, फ्रेमवाल्याच्या दुकानावर,
गुरुवारी संध्याकाळी
आठ खुर्च्या गोल मांडतात.
एकीचा पाय आखूड. ती मी घेतो.
माझं हलणं तिच्या नावावर खपतं.

पहिल्यांदा आलो तेव्हा
बायकोला सांगितलं, युनियनची मीटिंग हाय.

उद्यमनगरात लेथवर तेवीस वर्षं.
सुताचा फरक बोटाला कळतो,
पण छातीत जे सुटायचं
त्याला कुठला व्हर्निअर लावणार?
सीपीआरला दोनदा पट्टी काढली.
चांगली आली. घरी जा म्हणाले.

वृषालीताई विचारायच्या,
शून्य ते दहा, आज भीती किती?
कुणी चार म्हणायचं, कुणी पाच.
सगळे पास होण्यापुरतं.

मग शिकलगार काकू, चिखलीच्या,
दोनदा माळ्यापर्यंत पाणी बघितलेल्या,
चार गुरुवार नुसता पदर चुरगाळत बसलेल्या,
म्हणाल्या, दहाबिहा मला कळत न्हाई.
फुटात सांगू?
आज बेचाळीस हाय.

कुणी हसलं नाही.
बेचाळीस म्हणजे
गॅसची टाकी वर, रेशनकार्ड पिशवीत,
म्हशींचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही,
आणि रात्रभर बॅटरी मारून
जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या.

श्रेणिक चौगुले, सीएला तिसऱ्यांदा बसलेला,
म्हणाला, त्रेचाळीस. सकाळपासनं.
इंगवले पैलवान, मान मांडीएवढी,
फरशीकडं बघून बोलला,
गर्दीत पंचेचाळीस.
म्हणून मैदान सोडलं. गुडघ्याचं नाव सांगतो.

माझी पाळी.
एकोणचाळीस, म्हणालो. नुसती इशारा पातळी.
काकूंनी माझ्या खुर्चीच्या पायाकडं बघितलं.
चव्वेचाळीस, म्हणालो.

उतरतं का पण? ताईंनी विचारलं.
काकू म्हणाल्या, उतरतं की.
हाकलून न्हाई उतरत.
भिंतीवर खडूनं रेघ मारायची
आन् च्या ठेवायचा.

काल रात्री अडीचला
फोनवर मी एवढंच टाकलं, ४३.
पंख्याकडं बघत पडलो.
मिनिटाभरात इंगवलेचं आलं,
४४. जागा हाय.
झोपलेला नाही, की बसायला ये,
दोन्ही वाचलं मी.

बायको कूस बदलत म्हणाली,
एवढ्या रात्री कोण?
म्हटलं, युनियन.