अडीच सूत

विश्रामबागेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर रविवारी आम्ही चौघं भांडतो.
खालचा पट्टा सुरू झाला की टेबल थरथरतं,
लॅपटॉपवर ज्वारीचा बारीक धुरळा बसतो
आणि जहीर मुलाणी कीबोर्डवर फुंकर मारून म्हणतो,
'टॅब म्हणजे टॅब. एकदा दाबला, संपलं.'
सन्मती उगारे चार स्पेसच्या खाली यायला तयार नाही.
पगार कुणालाच नाही. म्हणून तर
कुणी कुणाचं ऐकत नाही.

आमचा प्रोग्रॅम नदीकाठच्या पाणीसंस्थांना
पाळ्या लावून देतो:
कुणाच्या उसाला मंगळवारी, कुणाच्या रात्री दोनला.
फुकट आहे, उघडा आहे,
कुणीही यावं, दुरुस्त करावं.
आणि कुणीही येतं.
त्यामुळे एका शब्दाची चार स्पेलिंगं झालीत;
एका फाइलीत पाळी, दुसरीत पाली,
भिंतीवरच्या, चुकचुकणाऱ्या.
एकदा तर स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, 'पाळी चुकली',
तेव्हा सन्मती इतकी हसली
की गिरणीवाल्या काकी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.
तो संदेश आम्ही बदलला.
आजवर एकमतानं झालेलं तेवढंच.

आजचं भांडण व्हर्जनचं.
वरदला पायथन तीन-बारा हवं.
तीन-सहाची डागडुजी आता वरूनही कुणी करत नाही,
आपणच किती दिवस ठिगळं लावायची?
खरं आहे.
पण आमणापूरच्या संस्थेत एक कॉम्प्युटर आहे,
पुराच्या पाण्यात बसून आलेला,
अंगणात वाळवल्यावर पुन्हा चालू झालेला,
बटणांवर हळदीची बोटं.
तो तीन-सहाच्या पुढे जात नाही.
शिवगोंडा नाना फोनवर म्हणाले,
'न्हाई जात तर न्हाई. त्याला कुठं जायचंय?'

रात्री आप्पांना सांगितलं.
एकतीस वर्षं पलूसला लेथवर होते.
व्हर्जन काय ते त्यांना कळलं नाही, भांडण कळलं.
माळ्यावरून डबा काढून
दोन बोल्ट माझ्या तळहातावर ठेवले.
'ओळख.'
मला दोन्ही सारखेच.
'हा अडीच सुती, हा आठ एमएम.
ह्याच्या आट्याचा कोन पंचावन्न, त्याचा साठ.
आता ह्याचा नट त्याला लाव.'
दोन आटे गेला. तिसऱ्याला अडला.
'लाव जोर.'
मी लावला नाही.
'शहाणी आहेस. आम्ही लावायचो.
बोल्ट मरतो, नट मरतो
आणि वाळतो तिसऱ्याचाच ऊस.'

मग काय केलंत?
'दोन डबे ठेवले. सात वर्षं. एकाला लाल पट्टा.
आणि भिंतीवर खडूनं तारीख,
ह्यापुढे इंची माल घेणार नाही.
दोनदा पुसली.
तिसऱ्यांदा ऑइलपेंटनं लिहिली.'

पुढच्या रविवारी मी डबा नेला नाही.
दाखले दिले की माणसं जास्त चिडतात.
फक्त तारीख मागितली.
गळीत हंगाम संपेपर्यंत तीन-सहा चालेल.
नंतर जुन्याची एक फांदी वेगळी,
तिला मलमपट्टी मिळेल, नवी पालवी नाही.
स्पेलिंग सन्मतीचं.
आणि चार स्पेस.
जहीर खिडकीबाहेर बघत 'हो' म्हणाला.
त्या 'हो'ला किती वेळ लागला
ते मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

संध्याकाळी सगळं एका वळणावर आणून वर चढवलं.
अकराशे ओळी बदलल्या.
आमणापूरला रात्री दोनला मोटर लागली,
पाणी ठरल्या सरीत गेलं.
त्याला काही कळलं नाही.

तीनला जहीरचा मेसेज:
'टॅबच बरा होता.'
सोबत त्यानं केलेली एक दुरुस्ती.
मी झोपेतच ओळींच्या आधीची
रिकामी जागा मोजली.
चार. आठ. आठ. चार.