सहा तास उजेड

टाउनो निवृत्त झाला, टाकी इथेच राहिली,
दवाखान्यातल्या लांब बाकासमोर.
पन्नास लिटर पाणी, नऊ मासे, मोजता न येणाऱ्या कोळंब्या
आणि चौकटीच्या वहीत त्याच्या ठोकळ्या अक्षरात एकच ओळ :
दिवा सहा तास. जास्त नाही.
खाली दोन रेघा.

मी वाचली होती.
पण ओउलूमध्ये नोव्हेंबरात सूर्य
तीन वाजताच आवराआवर करतो,
बंदरातलं पाणी साकळायला लागतं,
आणि माणसं ओले कोट न काढताच
त्या एका उजळ चौकोनाकडे तोंड करून बसतात.
वाटलं, झाडांनाही हवाच असेल की.
दिवा ठेवला. सकाळी सातपासून कुलूप लावेपर्यंत.
एका शुक्रवारी तर कुलूप लावल्यावरही,
थेट सोमवारपर्यंत.

दयेपोटी केलं, एवढं नोंदवून ठेवते.

आधी काचेवर हिरवे ठिपके, शाई शिंपडल्यासारखे.
मग वॅलिसनेरियाच्या पात्यांना केस फुटले,
अनुबियासच्या कडांना काळी दाढी,
आणि डिसेंबर लागला तेव्हा मासे
धुक्यातल्या सायकलींसारखे अचानक समोर यायचे.
अति तिथे माती म्हणतात.
माती परवडली असती.

वीस वर्षं मी लोकांच्या दातांवरचं किटण काढते.
गोड कमी खा, हे दिवसातून अकरा वेळा सांगते.
आणि इकडे स्वागतावरची इंकेरी नऊला
अन् मी साडेनऊला,
एकमेकींना न सांगता, माशांना
चिमूट चिमूट जेवू घालत होतो.

शनिवारी बाह्या सारल्या.
जुना ब्रश, एक बोथट झालेलं हत्यार, निळी बादली.
पात्यांवरचे केस ब्रशच्या दांड्यावर
शेवया गुंडाळाव्या तसे गुंडाळत गेले.
ठिपके मात्र खरवडावेच लागले. तो आवाज माझ्या ओळखीचा,
फक्त इथे कुणी खुर्चीचे हात घट्ट धरत नव्हतं.
नळी तोंडाने ओढली आणि चुकले :
एक घोट आलाच.
कुजकं पान, लोखंड, आणि आणखी काहीतरी
ज्याचं नाव न घेतलेलं बरं.

एलियेल, वय सात, दाढ दुखत होती.
आईच्या मांडीवरून उतरून विचारत होता,
मासे शी कुठे करतात?
इथेच, मी म्हटलं.
मग पुढे?
पुढे थोडी झाडं खातात, थोडी वाळूतले जीव,
उरलेली मी.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
की खुर्चीत बसायला घाबरायचंच विसरला.

गाळाचं पाणी खिडकीतल्या जिरेनियमला घातलं.
स्पंज नळाखाली धरणार होते, तेवढ्यात
वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलने, जवळजवळ पुसलेलं सापडलं :
स्पंज त्याच्याच पाण्यात पिळावा.
बादलीतून काढलेल्या त्याच कोमट पाण्यात
मी तो तीनदा पिळला. चौथ्यांदा नाही.
सगळं स्वच्छ करून टाकणं
म्हणजे उपाशी मारणंच कुणाला तरी.

मागची काच तशीच सोडली, हिरवी.
दुपारपर्यंत कोळंब्या तिथे रांगेने लागल्या,
दोन्ही हातांनी, शेजारणीकडे न बघता.
घड्याळाचा प्लग आणला. दहाला टक्, चारला टक्.
चारनंतर माणसं खिडकीबाहेर बघतात,
बाहेरही काही नसतं, तरी बघतात.

जानेवारीत टाउनो आला, स्वतःचे दात घेऊन.
कोट काढला, टाकीसमोर वाकला,
पात्यांवरून नजर फिरवली, वाळूवरून, मग मागे.
मागची काच?
कोळंब्यांसाठी, मी म्हटलं.
हं, म्हणाला. त्याच्याकडून हे पुष्कळ झालं.

मग खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं.
खालच्या दातांच्या मागे, जिथे ब्रश पोचत नाही,
त्यानेही थोडं राखून ठेवलं होतं.
ते मात्र मी काढलं.