गडगा

आमच्या बेटावर झाड नाही.
वारा टिकू देत नाही.
म्हणून कुंपणंही दगडाची. चुना नाही, माती नाही,
नुसता दगडावर दगड.
ऑर्कनीच्या उत्तरेला अशा गडग्यांवर पंचेचाळीस वर्षं
बाबांचा हात फिरलाय.
त्यांच्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं,
आणि गडग्यावर कुणी चढलेलं त्यांना खपत नाही.
पाद्रीबुवांच्या मुलालाही त्यांनी एकदा कान धरून उतरवलाय.

गडग्याला दोन अंगं असतात, ते सांगायचे,
एक समुद्राकडचं, एक शेताकडचं,
मधे बारक्या चिपांची भर.
एक अंग ढासळलं तर घाबरायचं नाही,
दुसऱ्याकडे बघत बघत पुन्हा उभं करता येतं.
दोन्ही एकाच जागी पडली
तर मात्र जाणता माणूस लागतो.
नाहीतर कुणीतरी येतं, हाताला लागेल तो दगड कोंबून जातं,
लांबून सगळं धड दिसतं,
आणि पुढच्या हिवाळ्यात तिथूनच जातं.

अ‍ॅबर्डीनला डॉक्टर फेनेला
कागदावर पीळदार शिडी काढत होत्या.
रोज तुटते म्हणाल्या, सगळ्यांचीच,
उन्हानं, नुसतं जगण्यानंही.
दोन्ही बाजू एकदम तुटल्या
तर एक प्रथिन धावतं, जुळी प्रत शोधतं,
तिच्यात बघून अक्षर अक्षर सांधतं.
ते प्रथिन कसं घडवायचं
याच्या दोन नकला असतात आपल्याकडे,
एक आईची, एक बाबांची.
तुमच्या एकीत एक अक्षर चुकलंय.

जाणता माणूस, मी म्हटलं.
त्यांचं पेन थांबलं. काय म्हणालात?
काही नाही. बोला.

दुसरी नक्कल धड होती तोवर चाललं.
एकेचाळीस वर्षं चाललं.
मग डावीकडच्या कुठल्याशा एका पेशीत,
कुठल्याशा मंगळवारी,
मी मेंढ्या कातरत असेन,
नाहीतर धक्क्यावर बोटीची वाट बघत गार चहा पीत,
तीही गेली.
आवाज झाला नाही.
खिंडारं पडत गेली, भलतेसलते दगड भरले गेले,
'थांब' म्हणणारा शब्द त्यातल्याच एका खिंडारातून गळाला.
नऊ मिलिमीटर.

(आता एक गोळी आहे म्हणे,
अशा पेशीची उरलीसुरली डागडुजीही बंद पाडते
आणि तिला तिच्याच पडझडीत गाडते.
शत्रूचं भलं झालं नाही की बरं वाटतं,
हे मला आधी ठाऊक नव्हतं.)

आम्ही आईच्या माहेराला बोल लावत आलो होतो.
आईही मुकाट ऐकून घेत गेली, जाईपर्यंत.
एफी आत्या अडतिसाव्या वर्षी गेली,
तिच्याबद्दल घरात 'छातीत थंडी भरली' एवढंच बोललं जायचं.
बाबांच्या आजीच्या नावापुढे चर्चच्या वहीत एकच शब्द: झिजून.
कुणी जोडून बघितलं नाही.
पुरुषाकडून येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नळीत थुंकायच्या आधी
बाबांनी टोपी काढली.

निकालाचं पत्र मीच वाचून दाखवलं.
'माझ्याकडून?' ते म्हणाले.
मग पुन्हा, जरा वेगळ्या स्वरात, 'माझ्याकडून.'
आणि बूट चढवून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी खालच्या शेताकडे बघते तर
त्यांनी चांगला धडधाकट गडगा वावभर उतरवलेला,
दोन्ही अंगं, भरसकट,
आणि दगडांमधे बसलेले.
मी काही विचारलं नाही.
डावा हात अजून खांद्यापर्यंत जात नाही माझा,
उजव्या हातानं चिपा देत राहिले.
एकदा म्हणाले, ही नको, ती दे.
तेवढंच.

थोरा अकराची आहे.
अठरापर्यंत तिची तपासणी करत नाहीत.
नाणं कुठल्या बाजूनं पडलंय ते
तिच्या आत केव्हाच ठरून गेलंय.
ती शाळेतून आली, दप्तर गवतात टाकलं,
आणि न पडलेल्या गडग्यावर चढून
दोन्ही हात पसरून वाऱ्यात चालत निघाली,
कडेकडेनं, एकेका दगडावर पाऊल टाकत.

बाबांनी मान वर करून बघितलं.
तिला उतर म्हणाले नाहीत.